कुंडीतली मिरची आणि पौषातली थंडी

मागच्या रांगेपर्यंत शाली आणि कानटोप्या दिसताहेत, म्हणजे विषय वेळेवर निवडला असं समजायला हरकत नाही. इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की लोकांना लढाया हव्या असतात, राजे हवे असतात. आज आम्ही एका झाडाचा इतिहास सांगणार आहोत, आणि तोही कुंडीतल्या झाडाचा. हे टिपण आम्ही तिघांनी मिळून केलं आहे, बोलतो आहोत एका तोंडाने. त्यामुळे 'आम्ही' म्हटलं की तो मोठेपणा समजू नका, खरोखरच आम्ही आहोत. (हशा)

कारण असं झालं. दर वर्षी डिसेंबर उजाडला की उमरखेडात एकच प्रश्न चार ठिकाणी ऐकू येतो. 'गच्चीवरची मिरची चांगली लागली होती हो, आता पानं पिवळी पडली, फूल गळतंय, झाड जाईल काय?' आणि उत्तरही ठरलेलं. 'मिरची एका वर्षाचीच असते. तिचं आयुष्य संपलं. उपटून टाका, उन्हाळ्यात नवी लावा.' शेतात ते खरंच आहे. जूनमध्ये रोप टाकायचं, जुलैत लावणी करायची, तोडे संपले की रान मोकळं करायचं. पण घरच्या कुंडीलाही तोच नियम कुणी लावला? याचा शोध घ्यायला लागलो, तर आम्ही उमरखेडहून निघालो ते थेट स्वीडनला पोचलो.

१७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने जगातल्या वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावं देणारा ग्रंथ छापला. त्यात मिरचीच्या दोन जाती आहेत. एकीला त्याने नाव दिलं 'कॅप्सिकम ॲन्यूअम', दुसरीला 'कॅप्सिकम फ्रुटेसन्स'. ॲन्यूअम म्हणजे एका वर्षाची, आपल्या भाषेत वर्षायू. फ्रुटेसन्स म्हणजे झुडूपवजा. आता आपल्याकडची ज्वाला घ्या, भिवापुरी घ्या, ब्याडगी घ्या, अगदी ढोबळी मिरची घ्या, ही सगळी त्या 'वर्षायू' जातीत मोडतात. आणि गंमत अशी की ही जात मुळात एका वर्षाची नाहीच. थंडीने मारली नाही, रोगाने खाल्ली नाही, तर मिरचीचं झाड दोन-तीन वर्षं सहज जगतं, त्याचं खोड लाकडासारखं टणक होतं. मेक्सिकोत, जिथे माणसाने ती हजारो वर्षांपूर्वी माणसाळवली, तिथे तिचे रानटी भाऊबंद आजही बारमाही झुडपं म्हणून वाढतात. युरोपात मात्र हिवाळा तिला एका वर्षापुढे जाऊच देत नव्हता. म्हणजे जो गुण झाडाचा म्हणून नोंदला गेला, तो खरा तिथल्या हिवाळ्याचा होता.

मिरचीच्या नावांचं नशीबच असं दिसतं. १५४२ साली लेओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने वनस्पतींचा मोठा चित्रग्रंथ काढला. युरोपात छापलेल्या मिरचीच्या पहिल्या चित्रांपैकी काही त्यात आहेत. त्याने तिला चक्क 'कालिकतची मिरी' म्हटलं. झाड अमेरिकेतून आलेलं, कोलंबसाबरोबर गेलेल्या डॉक्टर चांका याने १४९४ सालीच त्याबद्दल लिहून ठेवलेलं, आणि पन्नास वर्षांत जर्मनीत समज पक्का झाला की हे कालिकतचं! पुढे १७७६ साली याकिन या शास्त्रज्ञाने एका जातीला 'चिनेन्स' नाव दिलं, त्याला वाटलं ती चीनची. तीही अमेरिकेचीच. आपल्या ईशान्येकडची भूत जोलोकिया त्या जातीची आहे. तर एकीला कालिकत चिकटलं, एकीला चीन, आणि आपल्या घरच्या मिरचीला चिकटलं 'एक वर्ष'. पहिल्या दोन चुकांनी कुणाचं काही बिघडलं नाही. तिसरी चूक आजही उमरखेडच्या गच्च्यांवर झाडं उपटते आहे.

आता कुंडीकडे येऊ. मिरची कुंडीत पहिल्यांदा कुणी लावली याची नोंद असण्याचं कारण नाही. पण कुंडीतल्या मिरचीची थंडीत काळजी कशी घ्यायची, हे कागदावर आलेलं एक जुनं वर्णन आम्हाला सापडलं, आणि ते लंडनचं आहे. जॉन जेरार्ड नावाचा एक वैद्य-माळी होता. लंडनमध्ये होबर्नला त्याची बाग होती. १५९७ साली त्याचा वनस्पतींवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात तो मिरचीला 'गिनीची मिरी' म्हणतो, हे आणखी एक चुकीचं गाव. पण कृती त्याने नेमकी सांगितली आहे. सांगतो ते असं. घोड्याच्या ताज्या, गरम शेणाचा वाफा करून त्यावर बी पेरावं, जसं खरबुजाचं पेरतात. तीन-चार पानं आली की रोप कुंडीत काढावं. का, तर कुंडी उचलून जिथे ऊन असेल तिथे नेता येते. आणि शरद ऋतू आला की कुंडी घरात न्यावी, कारण नेमकं फळ धरायच्या वेळी रात्री गार होतात.

बघा, यात सगळं आलं. कुंडी ही शोभेची वस्तू नव्हती, ती झाडाला लावलेली चाकं होती. उन्हामागे फिरवायची, थंडीपुढून पळवायची. लंडनला ते दिवस आजच्यापेक्षा गार होते. १६०७-०८ च्या हिवाळ्यात थेम्स नदी इतकी गोठली की लोकांनी बर्फावर जत्रा भरवली. अशा मुलखात मिरची जमिनीत लावून हिवाळा काढणं शक्यच नव्हतं. तरी ती तिथे गेली, वाढली, १६१३ साली जर्मनीतल्या आइशटेट इथल्या बिशपच्या बागेवरचा जो सुंदर चित्रग्रंथ बासिलिउस बेस्लरने छापला, त्यात मिरचीच्या तऱ्हातऱ्हांची पानंच्या पानं आहेत. त्या बागांमध्ये मिरची मुख्यतः बघायला ठेवत, खायला नव्हे. लालभडक फळाचं कौतुक. आपल्याकडे कुणी पाहुण्याला नेऊन मिरची दाखवली तर पाहुणा विचारेल, भाकर कुठाय? (हशा)

तर मुद्दा हा की 'कुंडीतली मिरची थंडीत सांभाळणे' ही विद्या थंड देशांत जन्मली, त्यांच्या गरजेतून. ती चारशे वर्षं तिथेच मुरली. काचघरं आली, शेगड्या आल्या, आता दिवे आले. त्या विद्येत काही चूक नाही. मात्र ती त्या थंडीसाठी आहे.

आपल्याकडे काय झालं? पोर्तुगीजांनी मिरची गोव्यात आणली. क्लूसियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकाच्या शेवटी नोंदलं आहे की ती 'पेर्नांबुकोची मिरी' म्हणून आली. पेर्नांबुको म्हणजे ब्राझील. पुढे मुंबईच्या बाजारात तिला 'गोवाई मिरची' म्हणत. आतल्या मुलखात पोचायला तिला वेळ लागला असावा. अकबराच्या काळातली 'ऐन-इ-अकबरी' बघा. तिच्यात स्वयंपाकघराचा मोठा तपशील आहे, मिरी आहे, आलं आहे, लवंग, दालचिनी आहे, मिरची नाही. आणि त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचा सविस्तर हिशेब आहे. म्हणजे ज्या वऱ्हाडाचं नाव आज ठेच्याशिवाय घेता येत नाही, त्या वऱ्हाडाचा महसूल मोजला गेला, तेव्हा मोजणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात मिरची पोचलेली नव्हती.

आल्यावर मात्र तिने जागा पटकावली. नावातच बघा. मिरी, मिरे यावरून मिरची. कानडीत मेणसु म्हणजे मिरी, त्यावरून मेणसिनकाई. तेलुगूत मिरियम, त्यावरून मिरपकाय. तमिळमध्ये मिळगु, त्यावरून मिळगाई. सगळ्यांनी नव्या पाहुणीला जुन्या मालकिणीचं नाव दिलं आणि हळूहळू घर तिच्या ताब्यात दिलं. मिरी मलबारच्या पावसात वेलीवर होते, ती विकत आणावी लागे. मिरची दारात होते. वऱ्हाडातल्या कोरडवाहू माणसाला हा फरक पुरेसा होता. आजही काही घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकाला मिरची चालत नाही, मिरी लागते. पितरांना ही नवी बाई अजून ओळखीची नाही, एवढाच त्याचा अर्थ. दृष्ट काढायला मात्र तीच लागते.

पण इथे ती कुंडीत नव्हती. ती रानात होती, आणि घराच्या मागे परसात होती. जुन्या घराचं परस आठवा. पाठीमागे मातीची भिंत. न्हाणीचं पाणी बाहेर पडतं तिथे केळ, अळू, एखादं लिंबू आणि मिरचीची दोन-चार झाडं. आम्ही या चार गोष्टींचा विचार करत बसलो आणि लक्षात आलं की थंडीत मिरचीला जे जे लागतं ते सगळं त्या कोपऱ्यात होतं, कुणी मुद्दाम केलेलं नसताना. मातीची जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते सोडत राहते. केळ आणि लिंबू वारा अडवतात. न्हाणीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, आणि ते सकाळी येतं, रात्री नाही. शिवाय मुळं जमिनीत. जमिनीत एक हात खोल गेलं की दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ उरत नाही. वर कितीही हिव पडलं तरी मुळाला त्याची खबर नसते. त्या कोपऱ्यातल्या मिरचीला कुणी 'वर्षायू' म्हणत नव्हतं. ती आजीच्या हिशेबात 'जुनी मिरची' होती आणि उन्हाळ्यात पुन्हा फुटत होती.

मग परस गेलं. हा इतिहासातला भाग आपल्यापैकी बहुतेकांनी स्वतः पाहिलेला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. वाटण्या झाल्या, प्लॉट पडले, धाब्याच्या जागी स्लॅब आला, न्हाणीचं पाणी नालीत गेलं. मिरचीला जागा उरली ती गच्चीवर. तेलाचा पत्र्याचा डबा, पेंटची बादली, फुटका माठ, मिळेल त्यात. म्हणजे लंडनच्या माणसाने थंडीमुळे मिरची कुंडीत घातली, आपण जागेमुळे. आणि कुंडीत घातल्याबरोबर आपण तिला थंडी लावली, जी तिला परसात लागत नव्हती. उमरखेडची हवा काही फार बदलली नाही, झाडाची जागा बदलली.

हे कसं होतं ते नीट बघू, कारण इथे अंदाजाने वागून झाडं मरतात.

आपल्याकडे जानेवारीत दुपारी २८-२९ अंश असतं, पहाटे साधारण १२ ते १५. थंडीची लाट आली तर १० च्या खाली जातं. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरला ३.५ अंश नोंदले गेले, ती तिथली तोवरची सर्वांत थंड सकाळ. अशी सकाळ विरळा. मिरचीला वाढायला २० ते ३० अंश आवडतं. रात्र १५ च्या खाली गेली की पराग नीट काम करत नाहीत, फूल गळतं, फळ धरलंच तर लहान, वाकडं, बी कमी असलेलं. १० च्या खाली पानांना इजा होऊ लागते. आणि शून्याला, दहिवर गोठलं की, झाड संपतं. म्हणजे आपल्या नेहमीच्या हिवाळ्यात मिरची मरत नाही, ती फक्त थांबते. फूल गळणं हा आजार नव्हे. झाड म्हणतंय, आत्ता नको.

मग मरते कशाने? कुंडीतली मूठभर माती रात्री हवेइतकीच गार होते. गार मातीत मुळं सुस्तावतात, पाणी ओढत नाहीत. त्याच वेळी आपण पानं पिवळी दिसली म्हणून वरून पाणी ओततो, आणि तेही संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर. त्यात आपली काळी माती. रानात ती सोनं आहे, डब्यात ती वैरीण. ओली झाली की फुगते, भोकं बुजतात, सुकली की डब्याच्या कडेपासून सुटते आणि पाणी बाजूने निघून जातं. गार, ओल्या, कोंडलेल्या मातीत मुळं कुजतात. झाड मान टाकतं, आपल्याला वाटतं तहानलं, आपण आणखी पाणी घालतो. बिचारी बुडून मरते आणि दाखला थंडीच्या नावाने निघतो.

मातीच्या कुंडीचंही एक सांगायला हवं. माठात पाणी गार का होतं? अंगातून पाझरून उडतं म्हणून. कुंभाराची कुंडीही तेच करते. उन्हाळ्यात ती मिरचीवर उपकार करते, पण पौषात ओल्या कुंडीला रात्रीचा वारा लागला की ती आतली माती हवेपेक्षाही गार करू शकते. म्हणून हिवाळ्यात काळी प्लॅस्टिकची बादली मातीच्या कुंडीपेक्षा बरी, हे आम्हाला मान्य करावं लागलं. मनाविरुद्ध.

आता आमची स्वतःची फजिती. आमच्यापैकी एकाच्या गच्चीवर मिरचीच्या सात कुंड्या होत्या. तीन हिवाळ्यांपूर्वी आम्ही एका परदेशी माणसाचा व्हिडिओ बघून तिथली रीत केली. झाडं डिसेंबरमध्येच गुडघ्याएवढी छाटली, पानं काढली, कुंड्या जिन्याखालच्या खोलीत ठेवल्या, पाणी जवळजवळ बंद केलं. त्याच्या देशात बाहेर बर्फ, घरात आठ-दहा अंश, झाड दोन-तीन महिने झोपतं. आमच्याकडे झालं काय? त्या खोलीत दुपारी पंचवीस अंश. झाड झोपायलाच तयार नाही. अंधारात पांढुरके, लांबोळे फुटवे आले. त्या फुटव्यांवर मावा बसला. पाणी नाही म्हणून माती दगड झाली. माघ संपेपर्यंत सातांपैकी पाच गेली. जी दोन वाचली, ती घाईत गच्चीवरच विसरली होती, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. दोष त्या व्हिडिओवाल्याचा नाही. त्याने जेरार्डची चारशे वर्षांची विद्या प्रामाणिकपणे सांगितली. आम्ही ती उमरखेडात लावली.

त्या टाकीमागच्या दोन झाडांनी आम्हाला परसाची आठवण करून दिली. तेव्हापासून आम्ही एवढंच करतो की गच्चीवर परस कसं उभं करता येईल ते बघतो. कुंड्या एकमेकींना चिकटून, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लावून ठेवायच्या. सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडून जातो, भिंत तापते, रात्री ती ऊब परत देते. उत्तरेचा वारा त्याच भिंतीने अडतो. कुंडीखाली दोन विटा किंवा फळी, म्हणजे स्लॅबचा गारवा लागत नाही आणि भोकं मोकळी राहतात. कुंडीला बारदानाचं पोतं गुंडाळायचं, कोरडं. झाडापेक्षा कुंडीला पांघरूण जास्त गरजेचं, हे लक्षात ठेवा. पाणी सकाळी ऊन आल्यावर, आणि बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी असेल तर उत्तम, ते हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असतं. पैनगंगेपलीकडे अर्धापूरकडचे केळीवाले थंडीच्या रात्री बागेला तेच पाणी देतात आणि कडेने ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात. त्यांचा हिशेब मोठा, आपला छोटा, पण शहाणपण एकच.

लाट येणार अशी बातमी असेल त्या रात्री झाडावर जुनं धोतर किंवा चादर टाकायची, पानांना चिकटू नये म्हणून मध्ये काठ्या रोवून. सकाळी काढायची. प्लॅस्टिक टाकून दिवसभर विसरलात तर आत वाफ धरते आणि भुरी येते. आपल्याकडे तुळशीला थंडीत ओढणी घालणारी घरं आहेत. तीच ओढणी थोडी रुंद करा, एवढंच.

खत थांबवायचं, विशेषतः युरिया. कोवळा फुटवा आला की त्याला आधी थंडी खाते, मग मावा. कधी पानं खालून जांभळट दिसतात. गार मातीत मुळांना स्फुरद उचलता येत नाही म्हणून तसं होतं. ऊन वाढलं की आपोआप जातं, त्यावर औषध मारू नका. लागलेल्या मिरच्या तोडून घ्या, झाडावर लाल करत ठेवू नका, त्याची ताकद त्यात जाते. धुवारीचे चार दिवस आले की पानं उलटून बघा. मावा असेल तर सकाळी पाण्याच्या धारेने खालून धुवा. जास्त वाटलं तर पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, गाळून, एक लिटर करायचं आणि संध्याकाळी फवारायचं.

आणि एक कठोर गोष्ट. पानं चुरगळून गोळा झाली असतील, ज्याला आपण कोकडा म्हणतो, तर ते झाड हिवाळाभर जपण्याचा हट्ट करू नका. फुलकिडे किंवा कोळी असतील तर एकवेळ सुधारेल, पण विषाणू असेल तर पांढरी माशी ते शेजारच्या सगळ्या कुंड्यांत पोचवेल. झाड उपटायचं ते इथे. नुसती पानं पिवळी पडली म्हणून नाही.

छाटणी शिवरात्रीला. थंडी त्या दिवशी 'शिव शिव' करत जाते असं आपण म्हणतो, ते मिरचीला तरी लागू पडतं. मेलेली टोकं, आत वळलेल्या फांद्या काढायच्या, फार तर एक तृतीयांश. वरची दोन बोटं माती काढून तिथे चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी रेती. पंधरा-वीस दिवसांत जुन्या खोडातून फुटवा दिसतो. बाजारातलं नवं रोप जेव्हा चार पानांचं असतं, तेव्हा या झाडाला फूल असतं. भर उन्हाळ्यात हिरवी मिरची महागते तेव्हा हा फरक कळतो.

कुणी म्हणेल, दहा रुपयांच्या मिरचीसाठी एवढा खटाटोप? रास्त प्रश्न आहे. दहा रुपयांच्या मिरचीसाठी नाहीच. आम्ही हे सगळं करतो ते बियासाठी.

पूर्वी मिरचीचं बी घरचं असायचं. झाडावर पिकलेली चांगली लाल मिरची निवडून, वाळवून, देठासकट उतरंडीत किंवा राखेत ठेवलेली. प्रत्येक गावाची, कधी कधी प्रत्येक घराची मिरची वेगळी. कुठली ठेच्याला, कुठली वाळवून तिखटाला, कुठली नुसती वासाला. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून तिचं नाव कागदावर तरी राहिलं. नाव नसलेल्या, 'आमच्याकडची गावरान' एवढीच ओळख असलेल्या मिरच्या किती होत्या आणि किती गेल्या, याची यादी कुणी केली नाही. शेतात संकरित बियाणं आलं, त्याने उत्पन्न वाढलं, शेतकऱ्याने ते घेतलं यात त्याची चूक काहीच नाही. पण संकरित मिरचीचं बी घरी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत ती आईसारखी निघत नाही. मग दर वर्षी पुडी विकत. आणि एकदा दर वर्षी पुडी विकत घ्यायची सवय लागली की घरचं बी कधी संपलं हे कळतही नाही.

त्या सात कुंड्यांत आमच्याकडे एका वयस्कर बाईंकडून आलेली मिरची होती. आखूड, जाड सालीची, ठेच्यात वेगळाच वास देणारी. त्यांचं परस गेलं होतं, बी जुनं होऊन उगवेनासं झालं होतं, उरलं होतं एक झाड डालड्याच्या गंजक्या डब्यात. ते आम्ही आणलं, त्याच्या एका लाल मिरचीतून रोपं केली आणि जिन्याखालच्या अंधारात जवळजवळ संपवली. जी दोन झाडं टाकीमागे वाचली त्यातलं एक तिचं होतं. 'मिरची काय, एका वर्षाचीच' असं म्हणून ते उपटलं असतं, तर त्या घराच्या मिरचीचा विषय तिथे संपला असता. वर्षायू या शब्दाचं आम्हाला वैर आहे ते म्हणून.

बी धरताना मात्र एक पथ्य. मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर फळतं, पण मधमाश्या शेजारच्या झाडाचा परागही आणतात. गच्चीवर ज्वाला आणि गावरान शेजारी असतील तर बियात सरमिसळ होते. त्यासाठी शिवरात्रीनंतर पहिली चांगली फांदी फुलावर आली की, फुलं उमलायच्या आधी, तिच्यावर मलमलीची पिशवी बांधायची. रोज सकाळी फांदी हलकेच टिचकीने हलवायची. फळं धरली की पिशवी काढून त्या फळांच्या देठाला रंगीत दोरा बांधायचा. दोऱ्याची मिरची कुणी तोडायची नाही, पाहुणा आला तरी. पूर्ण लाल होऊन सुरकुतायला लागली की उतरवायची आणि सावलीत वाळवायची.

बाहेर टेबलावर कागदाच्या पुड्या ठेवल्या आहेत, त्या त्याच मिरचीच्या. एकेका पुडीत दहा-बारा बिया. घरटी एकच घ्या. आणि आज रात्री जाऊन पेरू नका, गार मातीत बी महिनाभर पडून राहतं आणि कुजतं. फारच घाई असेल तर ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ किंवा फ्रिजच्या मागच्या उबेला ठेवा, जेरार्डच्या घोड्याच्या शेणाचं काम तेवढ्यावर होतं. नाहीतर माघ जाऊ द्या. पुढच्या वर्षी पौषात याच सुमाराला आम्ही इथे असू. ज्यांची झाडं राहतील त्यांनी एकेक लाल मिरची घेऊन यावी, दोऱ्यासकट.